ब्रुकलिन डॉजर्स, १९५५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्सी सिटीत राहायला आलो तेव्हा बेसबॉल म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला तो शिकवला, आणि शिकवताना सगळी उदाहरणं एकाच संघाची दिली. तो संघ म्हणजे १९५५ चा ब्रुकलिन डॉजर्स. पुढे मी मित्रमंडळींना या हंगामाबद्दल सांगू लागलो, तसे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

मला बेसबॉल अजिबात कळत नाही. तरी वाचू का?

जरूर वाचा. थोडंसं ठाऊक असलं की पुरतं. मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. फलंदाज चेंडू मारतो आणि पहिला, दुसरा, तिसरा असे बेस घेत परत घरच्या बेसवर, म्हणजे होमवर, पोचला की एक धाव. तीन जण बाद झाले की डाव उलटतो. असे प्रत्येकी नऊ डाव, त्यांना इनिंग म्हणतात. चेंडू टाकणारा पिचर, त्याच्यासमोर बसून तो घेणारा कॅचर. फटका कुंपणापलीकडे गेला की होम रन.

त्या काळी नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीग होत्या, दोन्ही मिळून मेजर लीग; प्रत्येकीत आठ संघ. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १५४ सामने खेळायचा. लीगमध्ये पहिला आलेल्याला पेनंट मिळायचं, आणि दोन पेनंटवाले ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज खेळायचे. सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो विजेता. उपांत्य फेरी वगैरे काही नाही. सहा महिने राबून पहिलं यायचं, आणि मग जेमतेम आठवडाभरात सगळं पणाला.

“पुढच्या वर्षी बघू” हे डॉजर्सचं घोषवाक्य कसं झालं?

सतत हरल्यामुळे. वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन १९१६ साली हरलं, १९२० साली हरलं. मग दोन दशकं तिथवर पोचलंच नाही. त्यानंतर १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३. सात वेळा अंतिम मालिका, सातही वेळा पराभव. त्यातले शेवटचे पाचही न्यूयॉर्क यँकीजकडून.

मधल्या वर्षांतही सुख नव्हतं. १९४६ साली कार्डिनल्सशी बरोबरी झाली आणि निर्णायक सामन्यांत पेनंट गेलं. १९५० साली हंगामाच्या शेवटच्या दिवशी फिलाडेल्फियाने हिरावलं. १९५१ साली ऑगस्टमध्ये भली मोठी आघाडी होती. तीही वितळली, आणि जायंट्सच्या बॉबी थॉमसनने शेवटच्या सामन्यातल्या शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून सगळं संपवलं. १९५४ साली पुन्हा जायंट्सच पुढे.

हा संघ वाईट नव्हता हे लक्षात घ्या. वाईट संघाच्या चाहत्याला सवय होते, तो अपेक्षाच ठेवत नाही. ब्रुकलिनचा संघ दरवर्षी दारापर्यंत जायचा आणि दार बंद व्हायचं. म्हणून दर ऑक्टोबरात ब्रुकलिनमध्ये एकच वाक्य: पुढच्या वर्षी बघू.

ब्रुकलिन न्यूयॉर्कमध्येच येतं ना? मग यँकीजशी एवढं वैर कशासाठी?

१८९८ पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं, पण लोकांच्या मनातून आपलं गाव गेलं नाही. मॅनहॅटनमध्ये श्रीमंती, ब्राँक्समध्ये यँकीजचं प्रचंड स्टेडियम, आणि ब्रुकलिनमध्ये गोदीकामगार, शिंपी, दुकानदार. इटलीतून, पोलंड-रशियातून, आयर्लंडमधून आलेली घरं आणि दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय. या सगळ्यांची मिळून एकच गोष्ट होती, ती म्हणजे हा संघ. ‘डॉजर्स’ हे नावही रस्त्यावरचंच. ट्रॅमगाड्या चुकवत रस्ता ओलांडणारे ते ट्रॉली-डॉजर्स. चाहते आपल्याच संघाला लाडाने ‘बम्स’, म्हणजे उनाड, म्हणायचे. बाहेरच्याने म्हटलेलं मात्र खपत नसे.

एबेट्स फील्ड हे मैदान एवढं खास का होतं?

ते लहान होतं म्हणून. १९१३ साली उघडलेलं हे मैदान जेमतेम ३२ हजार माणसांचं होतं, तेही चार रस्त्यांच्या मध्ये कोंबलेलं. बेडफर्ड अव्हेन्यूच्या बाजूचं उजवं कुंपण घरच्या बेसपासून ३०० फुटांच्याही आत. जवळच्या रांगांमधून खेळाडूच्या चेहऱ्यावरचा घाम दिसायचा, आणि त्यांनाही प्रेक्षकांचे आवाज ओळखू यायचे. हिल्डा चेस्टर नावाची बाई गायीच्या गळ्यातली घंटा घेऊन बसायची. हौशी वादकांचं एक बेसूर पथक स्टँडमधून फिरायचं.

उजव्या कुंपणावर धावफलक, त्याच्या माथ्यावर शेफर बिअरची जाहिरात. फलंदाजाला हिट मिळाली, म्हणजे फटका मारून त्याने बेस गाठला, की त्या नावातलं ‘एच’ अक्षर उजळायचं, क्षेत्ररक्षकाची चूक ठरली की ‘ई’. खाली एब स्टार्क या कपडे विक्रेत्याची पाटी: या पाटीला चेंडू मारा आणि सूट मिळवा. ती मारणं जवळपास अशक्यच, कारण पाटीपुढे कार्ल फ्युरिलो उभा असायचा. त्या वाकड्यातिकड्या भिंतीवरून चेंडू कुठल्या कोनात उसळेल हे त्याला पाठ होतं.

संघात कोण कोण होतं?

कॅचर रॉय कॅम्पानेला. ३२ होम रन, .३१८ सरासरी (म्हणजे हजार संधींत ३१८ हिट), आणि लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू हा किताब तिसऱ्यांदा. मागच्या मैदानात मध्यभागी ड्यूक स्नायडर. ४२ होम रन, आणि संघाला १३६ धावा मिळवून देत लीगमध्ये अव्वल. उजवीकडे फ्युरिलो, .३१४. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, कर्णधार पी वी रीस, यँकीजकडून झालेल्या पाचही पराभवांत मैदानावर असलेला. दुसऱ्या बेसवर जिम गिलियम, तिसऱ्यावर बहुधा जॅकी रॉबिन्सन. पिचर म्हणून डॉन न्यूकोम, कार्ल अर्स्किन, क्लेम लबाइन, बिली लोझ, जॉनी पॉड्रेस.

पहिल्या बेसवर गिल हॉजेस. त्याच्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. इंडियानातल्या कोळसा खाणीच्या गावचा हा धिप्पाड, अबोल माणूस. त्याने ब्रुकलिनच्याच मुलीशी लग्न केलं आणि ब्रुकलिनमध्येच घर केलं. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो २१ वेळा फलंदाजीला आला आणि एकही हिट मिळाली नाही. सात सामन्यांत शून्य. अशा वेळी घरच्याच मैदानावर हुर्यो व्हायची. हॉजेसची झाली नाही. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाही त्याला सूर गवसेना, तेव्हा लोकांनी त्याला पत्रं लिहिली, जपमाळा पाठवल्या. एका रविवारी ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये पाद्रींनी प्रवचन बाजूला ठेवलं आणि भाविकांना घरी जाऊन गिल हॉजेससाठी प्रार्थना करायला सांगितलं. १९५५ साली त्याने २७ होम रन मारले आणि १०२ धावा मिळवून दिल्या. हे नाव लक्षात ठेवा.

प्रशिक्षक कोण होता?

मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन. खेळाडू म्हणून मेजर लीगमधली त्याची सगळी कारकीर्द एका सामन्याची. १९३६ साली एकदाच फलंदाजीला आला आणि बाद झाला. १९५५ हे त्याचं डॉजर्सबरोबरचं दुसरं वर्ष. त्याच्याशी करार नेहमी एकेका वर्षाचाच व्हायचा. असे करार त्याने शेवटी २३ केले.

हंगामाची सुरुवात खरंच इतकी जोरदार होती?

होती. पहिले दहाच्या दहा सामने जिंकले, आणि पहिल्या २४ पैकी २२. मे महिना अर्धाही झाला नव्हता आणि बाकीचे सात संघ मागे पडले होते. ८ सप्टेंबरला मिल्वॉकीत ब्रेव्ह्जला हरवून पेनंट पक्कं केलं. नॅशनल लीगच्या इतिहासात तोपर्यंत कुणीच इतक्या लवकर ते केलं नव्हतं. शेवटी ९८ विजय, ५५ पराभव, दुसऱ्या क्रमांकावरच्या मिल्वॉकीपेक्षा साडेतेरा सामन्यांची आघाडी. लीगमध्ये सर्वांत जास्त धावा यांच्या (८५७), सर्वांत जास्त होम रन यांचे (२०१).

या हंगामाची चर्चा ऑक्टोबरातल्या एका झेलापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला हे पटत नाही. त्या झेलापर्यंत पोचायला आधी एप्रिल-मे लागला. १९५० आणि १९५१ साली शेवटच्या दिवशी पेनंट गमावलेल्या संघाने या वेळी शेवटच्या दिवसावर काही ठेवलंच नाही.

मग मधे काही बिघडलंच नाही का?

पुष्कळ बिघडलं. मेच्या सुरुवातीलाच ऑल्स्टनने न्यूकोमला सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले. त्याने नकार दिला, आणि संघातून निलंबित झाला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि पुढे जिंकतच सुटला. जुलैअखेर त्याचे १८ विजय आणि एकच पराभव. शिवाय पिचर असून फलंदाजीत .३५९ सरासरी आणि सात होम रन. मग खांदा दुखायला लागला. उरलेल्या दोन महिन्यांत फक्त दोन विजय.

जुलैत तर पिचरांची रांगच दुखापतींनी बसली. तेव्हा खालच्या संघांतून रॉजर क्रेग आणि डॉन बेसेंट या दोन नवख्यांना बोलावून घेतलं. १७ जुलैला सिनसिनाटीविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. एक क्रेगला दिला, दुसरा बेसेंटला. दोघांचं मेजर लीगमधलं पदार्पण, आणि दोघेही जिंकले. संघाच्या या खोलीबद्दल फारसं बोललं जात नाही.

कार्ल स्पूनरची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. १९५४ च्या सप्टेंबरात हा पोरगा आला आणि पहिल्या दोन सामन्यांत एकही धाव न देता २७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं. सगळ्यांना वाटलं, पुढची दहा वर्षं ब्रुकलिन निश्चिंत. १९५५ च्या वसंतात त्याचा खांदा गेला तो गेलाच.

जॅकी रॉबिन्सन तेव्हा कुठल्या टप्प्यावर होता?

उतरणीवर. १९४७ साली मेजर लीगची कृष्णवर्णीयांना अडवणारी वर्णभेदाची भिंत त्याने ओलांडली तेव्हा तो २८ वर्षांचा होता, म्हणजे उमेदीची काही वर्षं आधीच गेलेली. १९५५ साली तो ३६ चा. केस पिकलेले, अंग जड झालेलं, ऑल्स्टनशी फारसं पटत नव्हतं. सरासरी .२५६, कारकिर्दीतली सर्वांत कमी. १०५ सामनेच खेळला.

पण आकड्यांत न दिसणारं बरंच काही शिल्लक होतं. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यातलं हे बघा. रॉबिन्सनने डावीकडे फटका मारला, दुसऱ्या बेसवर पोचला आणि थोडा पुढे सरकून तिसऱ्याकडे निघाल्याचा आव आणला. डावीकडच्या एल्स्टन हॉवर्डने त्याला पकडायला चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला. चेंडू हवेत असतानाच रॉबिन्सन तिसऱ्याकडे सुटला आणि पोचलाही.

पी वी रीसच्या वाढदिवसाची ती रात्र म्हणजे काय?

२२ जुलै १९५५. दुसऱ्या दिवशी रीस ३७ वर्षांचा होणार होता. सामन्याच्या मधे एबेट्स फील्डचे दिवे मालवले गेले. प्रेक्षकांना आधीच सांगितलं होतं, त्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या हातात काडी किंवा लायटर पेटला, आणि त्या अंधारात तीस हजारांवर माणसांनी कर्णधारासाठी वाढदिवसाचं गाणं म्हटलं. मला हा सगळा संघ एका दृश्यात दाखवायला कुणी सांगितलं, तर मी हेच दाखवेन.

पुढे नामांकित झालेला पिचर सँडी कोफॅक्स याच संघात होता म्हणे?

हो, आणि बहुतेक वेळ बाकावर. ब्रुकलिनमध्येच वाढलेला १९ वर्षांचा डावखुरा. १४,००० डॉलर बोनस देऊन घेतला होता. त्या वेळी नियम असा की ४,००० डॉलरपेक्षा जास्त मोल देऊन घेतलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खाली शिकायला पाठवायचं नाही. त्याला जागा करून देण्यासाठी टॉमी लसोर्डाला मॉन्ट्रियलच्या खालच्या संघात धाडलं. पुढे हाच लसोर्डा डॉजर्सचा नामांकित मॅनेजर झाला. कोफॅक्सने २७ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध १४ स्ट्राइकआउट करून पहिला विजय मिळवला. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्याच्या हातात चेंडू आला नाही. सातवा सामना संपल्यावर तो कोलंबिया विद्यापीठात वास्तुशास्त्राच्या वर्गाला गेला.

वर्ल्ड सिरीज कशी सुरू झाली?

नेहमीसारखी. पहिले दोन सामने यँकी स्टेडियममध्ये, आणि दोन्ही यँकीजने जिंकले, ६-५ आणि ४-२. सातच्या मालिकेत पहिले दोन हरून मग मालिका जिंकणं तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

तिसरा सामना ३० सप्टेंबरला एबेट्स फील्डवर. ऑल्स्टनने चेंडू जॉनी पॉड्रेसच्या हाती दिला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडल्या विदरबी या खाणगावचा, लोहखनिजाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. हंगामात नऊ विजय आणि दहा पराभव. त्या दिवशी त्याचा २३ वा वाढदिवस होता. डॉजर्स ८-३ ने जिंकले. चौथा ८-५, पाचवा ५-३, स्नायडरच्या दोन होम रनसह. ब्रुकलिन अचानक ३-२ ने पुढे.

सहाव्यात स्पूनरला उतरवलं. तो एकच फलंदाज बाद करू शकला. पहिल्याच इनिंगमध्ये पाच धावा गेल्या आणि व्हायटी फोर्डने ५-१ ने सामना नेला. स्पूनर मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही. मालिका ३-३. निर्णायक सामना यँकीजच्या घरी.

पहिल्या सामन्यात रॉबिन्सनने होम चोरलं, तो खरंच सुरक्षित होता का?

आठवी इनिंग. रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर, पिचर फोर्ड, कॅचर योगी बेरा. संघ दोन धावांनी मागे. अशा वेळी फटक्याची वाट न बघता घरच्या बेसकडे धाव घेणं, म्हणजे होम चोरणं, कुणाच्या शहाणपणात बसत नाही. रॉबिन्सन निघाला, फोर्डने चेंडू टाकला, बेराने हात खाली नेला, रॉबिन्सनचा पाय बेसवर घसरला आणि पंचाने सुरक्षित म्हणून हात पसरले. बेरा पंचाच्या अंगावर उड्या मारत ओरडत राहिला. तो बाद होता, असं बेरा शेवटपर्यंत सांगत राहिला. मी ती चित्रफीत कितीदा तरी पाहिली आहे आणि मला रॉबिन्सनचा पाय आधी दिसतो. पण मला तो दिसावाच असं वाटतं, हेही खरं.

सातव्या सामन्यात नेमकं काय घडलं?

४ ऑक्टोबर १९५५, मंगळवार, यँकी स्टेडियम, ६२,४६५ प्रेक्षक. रॉबिन्सन पायाच्या दुखण्यामुळे बाहेर, त्याच्या जागी डॉन होक. तिकडे मिकी मँटलही जायबंदी. पिचर पुन्हा पॉड्रेस.

चौथ्या इनिंगमध्ये कॅम्पानेला दुसऱ्या बेसवर पोचला, तिथून तिसऱ्यावर सरकला आणि हॉजेसच्या फटक्यावर घरी आला. १-०. सहाव्यात रीसने सुरुवात केली. स्नायडर आणि कॅम्पानेला, हे एवढे दणकट फलंदाज, दोघांनीही बॅट आडवी धरून चेंडू नुसता ढकलला, पुढचा धावपटू सरकावा म्हणून. मग हॉजेसने चेंडू उंच, खोल मारला. तो झेलला गेला, पण तोवर रीस तिसऱ्या बेसवरून घरी पोचला. २-०. दोन्ही धावा हॉजेसच्या.

त्याच इनिंगमध्ये ऑल्स्टनने दुसऱ्या बेसवरच्या डॉन झिमरऐवजी जॉर्ज शुबाला फलंदाजीला पाठवलं. काही निष्पन्न झालं नाही. पण आता दुसऱ्या बेसवर माणूस हवा, म्हणून गिलियमला डावीकडच्या मैदानातून तिथे आणलं आणि डावीकडे पाठवलं सँडी अमोरोसला, क्यूबाचा, अंगाने लहान आणि पायाने वाऱ्यासारखा. शुबाला पाठवलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण यँकीजच्या सहाव्या इनिंगमध्ये बिली मार्टिन दुसऱ्या बेसवर होता, गिल मॅक्डूगल्ड पहिल्यावर, कुणीही बाद नाही, आणि समोर योगी बेरा. बेरा डावखुरा फलंदाज, त्याचे फटके उजवीकडे जाणार म्हणून सगळं क्षेत्ररक्षण उजवीकडे झुकलेलं. अमोरोस जवळजवळ मध्यभागी. बेराने चेंडू मारला तो नेमका डावीकडच्या कोपऱ्यात, रेषेला धरून. अमोरोस धावत सुटला. बराच वेळ धावतच होता. कठडा जवळ येत होता, चेंडू खाली येत होता. शेवटच्या क्षणी त्याने उजवा हात पुढे केला आणि चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला.

इथे उजव्या हाताचं महत्त्व. अमोरोस डाव्या हाताने चेंडू फेकणारा, म्हणून त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात, कुंपणाच्या बाजूला. गिलियम तिथे असता तर ग्लोव्ह डाव्या हातात असता आणि अंग वळवून झेल घ्यावा लागला असता.

अमोरोस कठड्यापाशी कसाबसा थांबला, वळला आणि चेंडू रीसकडे फेकला. रीसने क्षणात पहिल्या बेसकडे, हॉजेसकडे. मॅक्डूगल्ड चेंडू पडणारच अशा खात्रीने दुसऱ्या बेसपलीकडे गेला होता. झेल गेल्यामुळे त्याला पहिल्या बेसवर परतायचं होतं, ते जमलं नाही. दोन बाद. ज्या फटक्यावर बरोबरी व्हायची, त्याच्यावर डाव मोडला.

आठव्यात पुन्हा दोन यँकी बेसवर आले आणि पुन्हा कुणी घरी आलं नाही. नवव्यात दोन बाद झाले आणि एल्स्टन हॉवर्ड आला. पॉड्रेसचे वेगवान चेंडू तो एकामागून एक रेषेबाहेर टोलवत राहिला. कॅम्पानेलाने आणखी एक वेगवान मागितला. पॉड्रेसने मान हलवून नाही म्हटलं आणि चेंज-अप, म्हणजे हात त्याच वेगाने फिरवून टाकलेला हळू चेंडू, टाकला. हॉवर्डचा फटका सरपटत रीसकडे गेला. पंधरा वर्षं या क्षणाची वाट पाहिलेल्या रीसने फेक केली ती जरा खाली. हॉजेसने वाकून ती जमिनीलगत उचलली. सामना संपला. २-०. ब्रुकलिन जगज्जेतं.

हॉवर्ड हा यँकीजकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळू लागल्यावर आठ वर्षांनी यँकीजनी हे पाऊल उचललं होतं, तेही याच हंगामात.

त्या संध्याकाळी ब्रुकलिनमध्ये काय झालं?

लोकांनी एकमेकांना इतके फोन केले की टेलिफोनच्या लाइनी तुंबल्या. खिडक्यांतून कागदाचे कपटे उधळले, गाड्यांचे भोंगे थांबेनात. लोक भांडी बडवत रस्त्यावर आले. रात्री माँटेग्यू स्ट्रीटवरच्या बॉसर्ट हॉटेलात संघाची मेजवानी होती आणि बाहेर गर्दी पांगायला तयार नव्हती. ज्यांनी मला हा खेळ शिकवला ते त्या वेळी अकरा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी त्या रात्री त्यांना खांद्यावर घेतलं होतं, आणि इतक्या मोठ्या मुलाला खांद्यावर घेतलं म्हणून आई रागावली होती, एवढंच त्यांना लख्ख आठवायचं.

मालिकेचा मानकरी कोण ठरला?

पॉड्रेस. वर्ल्ड सिरीजच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्या वर्षीच सुरू झाला आणि तो पहिला मानकरी. पुढच्या वर्षी त्याला नौदलात बोलावलं गेलं आणि तो सबंध हंगाम खेळू शकला नाही.

मग दोनच वर्षांनी हा संघ ब्रुकलिन सोडून का गेला?

याचं बीज १९५५ मध्येच आहे. जगज्जेत्या संघाच्या घरच्या सामन्यांना त्या वर्षी १० लाख ३३ हजार प्रेक्षक आले. आकडा मोठा वाटतो, पण १९४७ साली हाच आकडा १८ लाख होता. घरोघरी टीव्ही आला होता. लोक उपनगरांत राहायला चालले होते, आणि मैदानापाशी गाड्या लावायला जागा नव्हती. मालक वॉल्टर ओमाली याला अटलांटिक आणि फ्लॅटबुश अव्हेन्यूच्या चौकापाशी नवं मैदान बांधायचं होतं, शहराने जागा मिळवून द्यावी अशी त्याची मागणी होती. शहराच्या बांधकामांची सूत्रं हातात असलेला रॉबर्ट मोझेस त्याला तयार नव्हता. तो क्वीन्समधली जागा दाखवत होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये, संघ पहिल्या क्रमांकावर असताना, ओमालीने जाहीर केलं की पुढच्या वर्षी घरचे सात सामने जर्सी सिटीत खेळू. ही धमकी होती, आणि ती तशीच समजली गेली.

दोष कुणाचा यावर ब्रुकलिनमध्ये अजून वाद होतो. ओमाली धंदेवाईक होता हे खरंच. पण माझ्या मते मोझेसचा हट्टही तितकाच जबाबदार आहे. २४ सप्टेंबर १९५७ ला एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना झाला, पिट्सबर्गविरुद्ध, २-० ने जिंकला. प्रेक्षक ६,७०२. पुढचा हंगाम लॉस एंजेलिसमध्ये. ब्रुकलिनच्या नावावर राहिलं ते हे एकच जगज्जेतेपद.

आज ती जागा बघता येते का?

जागा बघता येते, मैदान नाही. १९६० साली ते पाडलं. पाडायच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. आता बेडफर्ड अव्हेन्यू आणि सलिव्हन प्लेसच्या कोपऱ्यावर विटांच्या उंच इमारती आहेत, एबेट्स फील्ड अपार्टमेंट्स. भिंतीतल्या एका दगडावर लिहिलं आहे की इथे पूर्वी एबेट्स फील्ड होतं. मी गेलो तेव्हा एक आजी किराणा सामानाची ढकलगाडी ओढत त्या दगडासमोरून गेल्या. मी फोटो काढतो आहे असं बघून त्या बाजूला थांबल्या आणि माझं होईपर्यंत उभ्या राहिल्या.

आणि गिल हॉजेस?

१९६९ साली तो न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर होता, आणि त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९७२ च्या एप्रिलमध्ये, ४८ वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, हृदयविकाराने गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, रॉबिन्सन गेला, कॅम्पानेला गेला, कोफॅक्स, स्नायडर, ऑल्स्टन, रीस सगळे गेले. हॉजेसचं नाव दरवेळी मतदानाला यायचं आणि थोडक्यात राहायचं. ब्रुकलिनचे जुने लोक म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याची निवड झाली आणि २०२२ च्या जुलैत त्या दालनाच्या गावी, कूपर्सटाउनला, समारंभ झाला. त्याची पत्नी जोन तेव्हा ९५ वर्षांची होती आणि अजून ब्रुकलिनमध्येच राहत होती. प्रवास झेपणार नव्हता, म्हणून भाषण मुलीने केलं.